बघे जास्त, हात कमी

महाराष्ट्रातल्या दोडामार्ग परिसरातला गंभीर जखमी अनेकदा हद्द ओलांडून गोव्यात, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (‘गोमेकॉ’त) नेला जातो. तिलारी घाटात त्याला उचलणारा पहिला माणूस मात्र बहुधा वाटसरूच. पण गाड्या थांबत गेल्या की जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागतो. १९६८ साली मानसशास्त्रज्ञ लाताने आणि डार्ली यांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना, कुणाला तरी फिट आल्याचा बनाव ऐकवला. ‘ऐकणारा मी एकटाच’ असे वाटणारे ८५ टक्के फिट संपण्याआधीच मदत मागायला धावले. आणखी चौघे ऐकताहेत असे वाटणारे ३१ टक्केच.

आपल्याकडे भर पडते ती पोलिस-कोर्टाच्या फेऱ्यांच्या धास्तीची, आणि ती काही उगाच नव्हती. पण सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले: सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. घोळक्यात ‘कोणीतरी फोन करा’ म्हणण्यापेक्षा एकाकडे बोट दाखवून सांगावे: ‘ओ निळ्या शर्टवाले, १०८ लावा!’