शेंगदाण्याला सुट्टी, बियांना बढती!

मराठी स्वयंपाकघरात शेंगदाणा कुठे नसतो? साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट आणि प्रवासाला निघालं की चिक्की. अशा घरात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली की आईच्या पोटात गोळाच येतो. डब्यात पोळीला लावून द्यायचं तरी काय? सूर्यफूल, भोपळा, तीळ, कारळे, यांपैकी चालेल ती बी घ्या आणि घरीच सीड बटर करा. या बियांचे किस्सेही चांगले खमंग आहेत.

पहिला मान तिळाचा. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, बराच उशिरा आपल्याकडे आलेला पाहुणा. तीळ मात्र घरचाच. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत! शेंगदाण्याच्या कुटाला आपण कितीही आपलं म्हटलं, तरी वयाचा मान तिळकुटाचाच.

आता मिक्सरकडे. सूर्यफुलाच्या सोललेल्या दोन वाट्या बिया जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बदामी रंगावर भाजा. कोमट झाल्या की मिक्सरमध्ये घाला. आधी भुगा होतो. मग तो भुगा भांड्याच्या कडेला चिकटून बसतो, पातं नुसतंच फिरत राहतं आणि हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जातो. थांबा! पाण्याचा थेंबही नको. त्या बीमध्ये जवळपास निम्मं तेलच आहे, ते सुटायला फक्त वेळ लागतो. कडा चमच्याने खरवडा, मिक्सर तापला तर त्याला विश्रांती द्या, पुन्हा फिरवा. भुग्याचा गोळा होतो, गोळ्यावर चकाकी येते आणि बघता बघता तो सैल होऊन भांड्यात गोल फिरायला लागतो. हे बघायला फार मजा येते. चिमूटभर मीठ घातलं की बटर तयार.

पाणी का नको? थोडंसं पाणी पडलं की बियांतले कोरडे कण ते शोषून एकमेकांना चिकटतात आणि सगळं दगडासारखं घट्ट होतं. गंमत म्हणजे भरपूर पाणी घातलं तर ते पुन्हा सैल होतं. लेबनॉनकडचे लोक ताहिनीचा, म्हणजे तिळाच्या बटरचा, सॉस असाच करतात. लिंबू आणि पाणी पडताच ताहिनी आधी आवळते, मग आणखी पाणी घालून फेटत राहिलं की मऊ आणि पांढरीशुभ्र होते.

हिरवी नानकटाई बघितलीय? सूर्यफुलाचं बटर आणि खायचा सोडा एकत्र आले की हे होऊ शकतं. भट्टीतून बाहेर येताना बदामी, गार झाल्यावर मोडून बघावं तर आत हिरवीगार! ही बुरशी नाही, घाबरून टाकून देऊ नका. या बियांत क्लोरोजेनिक ॲसिड असतं, तेच कॉफीतही असतं. सोड्याच्या अल्कलीत प्रथिनांशी त्याची क्रिया होऊन हिरवा रंग येतो. खायला काहीच धोका नाही. रंग नको असेल तर सोडा कमी करा, चमचाभर लिंबाचा रस घाला. लहान मुलांना मात्र ही हिरवी जादू मुद्दाम करून दाखवावी.

सूर्यफुलाचाच आणखी एक किस्सा. रशियात ते लोकप्रिय झालं त्यात उपवासाचा मोठा हात होता. ईस्टरआधीच्या लांबलचक उपवासात लोणी चालत नसे, सूर्यफुलाचं तेल चालायचं.

भोपळ्याची बी सोलून नखं दुखली असतील, तर ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांताचा हेवा वाटेल. तिथे एकोणिसाव्या शतकात असा भोपळा निपजला की त्याच्या बीला टणक कवचच नाही, नुसता पातळ पापुद्रा! त्या बियांचं तेल थेंबभर पसरलं तर हिरवं दिसतं आणि बाटलीत जाड थर असला की गडद लाल.

पुन्हा तिळाकडे. अलीबाबाची गुहा तिळाच्या नावाने उघडते. तिळाचं पिकलेलं बोंडही तसंच टोकाकडून आपोआप उकलतं आणि दाणे जमिनीवर सांडतात. शेतकऱ्याची ही जुनी डोकेदुखी. न उकलणाऱ्या बोंडाचं रोप 1943 साली व्हेनेझुएलात सापडलं.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने. शेंगदाणा नाही म्हणजे ॲलर्जीच नाही, असं धरून चालू नका. तिळाचीही तीव्र ॲलर्जी असते. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून लेबलवर लिहावाच लागतो. म्हणून कोणतीही नवी बी आधी डॉक्टरांना विचारूनच द्या. आणि ज्या मिक्सरच्या भांड्यात रोज दाण्याचं कूट होतं, ते यासाठी वापरू नका. झाकणाच्या रबरी रिंगेत आणि पात्याखाली दाण्याचा अंश राहतो. वेगळं भांडं ठेवा. दुकानातल्या सुट्या बियाही टाळा, कारण तोच चमचा शेंगदाण्याच्या डब्यातही गेलेला असू शकतो.

बटर कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. वर तेल तरंगलं तर ढवळून घ्या, ते खराब झालेलं नसतं. जवस मिसळणार असाल तर मात्र बेताने. जवसाचं तेल हवेशी चटकन संयोग पावतं. चित्रकारांचे तैलरंग वाळतात ते याच गुणामुळे, आणि बटरला खवट वास येतो तोही यामुळेच. जवसाचं बटर आठवड्यात संपेल एवढंच करा.