सूची क्रमांक 2

अमुक नटाने पाली हिलला तमुक कोटींचा फ्लॅट घेतला, अशी बातमी येते तेव्हा पार्किंग किती, मुद्रांक शुल्क किती भरलं, दस्त कोणत्या तारखेला नोंदला, सगळं त्यात असतं. हे ना नट सांगतो ना बिल्डर. झॅपकी, सीआरई मॅट्रिक्ससारख्या मालमत्ता व्यवहारांची आकडेवारी पुरवणाऱ्या कंपन्यांकडून ते येतं. त्यांचा कच्चा माल मात्र महाराष्ट्रात घर घेतलेल्या बहुतेकांच्या कपाटात आहे: इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक 2.

नोंदणी अधिनियम 1908 सालचा. मिळकतवार सूची ठेवा, हे कलम 55 सांगतं. फी भरून ती कोणीही पाहावी, अशी मुभा कलम 57 देतं. पूर्वी टायटल तपासताना वकिलाचा माणूस कचेरीत बसून जाडजूड पुस्तकं चाळायचा. 'सरिता' आणि मग 'आय-सरिता' या प्रणाली आल्या, नोंदी संगणकात गेल्या आणि या कंपन्यांचा रस्ता मोकळा झाला.

मोकळा म्हणजे फार सोपा नव्हे. नोंद उघडली की वर गाव आणि दुय्यम निबंधक, खाली विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव. या 'बाजारभावा'त सहसा रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने काढलेली किंमत असते. खरा सौदा मोबदल्याच्या रकान्यात. त्याखाली 'भू-मापन, पोटहिस्सा व घरक्रमांक' असा एक रकाना, आणि खरी डोकेदुखी तिथे. सदनिका नंबर, माळा नंबर, इमारत, रोड, 'इतर माहिती' सगळं एका दमात, मराठीत, टंकणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. एकच इमारत कुठे 'हाईट्स', कुठे 'हाइटस्', कुठे 'हाइट'. क्षेत्रफळ कधी चौरस फूट, कधी चौरस मीटर. कधी कार्पेट, कधी बिल्टअप. पार्किंग असलंच तर वाक्याच्या शेपटाला. प्रति चौरस फूट दराचा देखणा आलेख काढण्याआधी हे निवडावं लागतं, आणि माझ्या मते या धंद्यातली खरी हुशारी आलेखात नसून या निवडण्यात आहे. इमारतीच्या नावावर भरवसा नाही म्हणून सिटी सर्व्हे नंबरचा आधार घ्यायचा, नव्या प्रकल्पांसाठी महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या नोंदीशी सांगड घालायची. बक्षीसपत्रं आणि पुनर्विकासातले पर्यायी जागेचे करार बाजूला काढायचे, नाहीतर सरासरी दर कोसळलाच म्हणून समजा.

तरीही आकडे चकवतात. सप्टेंबर 2020 मध्ये राज्याने मुंबईतलं मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं, तेही डिसेंबरअखेरपर्यंतच. त्या डिसेंबरात मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या आसपास दस्त नोंदले गेले आणि बाजार उसळला अशी हाकाटी झाली. पण सवलत संपण्याआधी शुल्क भरून दस्त करायचा आणि नोंदणीला चार महिन्यांच्या मुदतीत जायचं, हीही सोय होती. म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या नोंदींतही डिसेंबरातले सौदे मिसळलेले. महिन्याच्या आकड्यावरून बाजाराची नाडी सांगणाऱ्याने नोंदणीची तारीख सोडून दस्त करून दिल्याची तारीख बघावी. दोन्ही त्याच कागदावर असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण मालमत्तेच्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातीत दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला भाव. दोन कोटी दहा लाख मागून सौदा एक नव्वदला पटला, तर फरक फक्त सूचीत दिसतो. कर्ज देणारी बँक, जागा घेण्याआधी शेजारच्या प्रकल्पाची विक्री जोखणारा बिल्डर, गुंतवणूकदार फंड, सगळ्यांना तो पटलेला भावच हवा असतो. रोखीने टेबलाखालून गेलेली रक्कम अर्थात कुठल्याच रकान्यात नसते. जुन्या घरांच्या फेरविक्रीत ही फट किती मोठी, ते दलालाला ठाऊक, डेटाबेसला नाही.

सामान्य घरखरेदीदाराला यातलं बरंचसं फुकट बघता येतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकायचा, कॅप्चा भरायचा. एका फ्लॅटपुरतं हे पुरतं. अख्ख्या इमारतीचे पाच वर्षांतले सौदे हवे असतील तर मात्र एकेक नोंद उघडत बसा, नाहीतर कंपनीला पैसे मोजा.