उत्तरेचा बर्फ आणि आपली हळद

माघ-फाल्गुनात बातमी येते, "काश्मीरात बर्फ पडला." टीव्हीवर चित्रही दाखवतात. झाडे पांढरी, घरे पांढरी, रस्ते बंद. आपण क्षणभर बघतो आणि म्हणतो, "पडला असेल! आपल्याला काय त्याचं?" नरसी कुठे आणि काश्मीर कुठे! मध्ये सोळाशे किलोमीटरांचे अंतर.

पण वाचकहो, ज्याची हळद वाळायला पडली आहे, ज्याचा गहू उभा आहे, त्याने ही बातमी कान देऊन ऐकावी. ती आपल्याच शेताची बातमी आहे. कशी, ते आता पाहू.

आपल्या नामदेव महाराजांना उत्तर दिशा परकी नव्हती. ते पंजाबात गेले आणि घुमान गावी राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातले हे गाव. तिथे त्यांचे मंदिर आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरले होते. घुमानच्या वर थोड्या अंतरावर हिमालयाचे डोंगर सुरू होतात. त्या डोंगरांवर बर्फ पडला की घुमानला हुडहुडी भरते. तीच थंडी दोन-चार दिवसांनी, वाटेत जरा ऊन खाऊन, आपल्या कयाधूच्या काठी येते. माणूस इथून तिकडे गेला, थंडी तिकडून इकडे येते. वाट एकच.

आता हा बर्फ येतो कुठून? आपला पावसाळ्याचा पाऊस दक्षिणेच्या समुद्रावरून येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यात उत्तरेला जो पाऊस-बर्फ पडतो, तो मात्र पश्चिमेकडून येतो. फार लांब, युरोप आणि आफ्रिका यांच्या मध्ये भूमध्य समुद्र आहे. तिकडे हवेची वादळी घडी तयार होते. ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशी पूर्वेला सरकत येते आणि हिमालयाला अडते. तिला 'पश्चिमी झंझावात' म्हणतात. काही जण 'पश्चिमी चक्रावात' म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा तरी येतात. एक गेला की दुसरा. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड इथे बर्फ पडतो आणि पंजाब-हरियाणात पाऊस पडतो.

काश्मीरच्या लोकांनी आपल्या थंडीचे पंचांगच केले आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी. तिचे नाव चिल्ला-ए-कलान, म्हणजे मोठी थंडी. पुढचे वीस दिवस धाकटी थंडी, चिल्ला-ए-खुर्द. शेवटचे दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा. बच्चा म्हणजे पोर. हे पोर फेब्रुवारीअखेर जाते, मग तिकडे वसंताची चाहूल लागते. आपल्याकडे म्हणतात, होळी जळाली, थंडी पळाली. दोन्ही पंचांगांत फार अंतर नाही, पाहा.

मात्र पंचांग सांगते तसे दरवर्षी घडतेच असे नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हता. जिथे बर्फावर घसरायला देशोदेशीचे लोक येतात, तिथे उघडी माती दिसत होती. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस.

झंझावात निघून गेला की तिकडचे आभाळ निवळते. मग बर्फावरून येणारा कोरडा गार वारा मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात आणि मराठवाड्यात उतरतो. हा वारा आपल्या गव्हा-हरभऱ्याचा मित्र आहे. गव्हाला दाणा भरताना गारवा लागतो. गारवा टिकला तर दाणा टपोरा होतो. ऊन एकदम तापले तर दाणा लवकर पिकतो आणि बारीक राहतो. २०२२ सालचा मार्च आठवा. देशात दिवसाचे सरासरी तापमान १९०१ पासूनच्या कोणत्याही मार्चपेक्षा जास्त होते. पंजाबात गव्हाचा दाणा आकसला. मे महिन्यात सरकारने गहू परदेशी पाठवायला बंदी केली. त्यानंतर २०२३ चा फेब्रुवारी तसाच निघाला. तेव्हा थंडी लवकर गेली, बरे झाले, असे शेतकऱ्याने म्हणू नये. थंडी लवकर जाणे हे नुकसानीचे आहे.

आता दुसरी बाजू सांगतो. हाच झंझावात कधीकधी फार खाली, दक्षिणेकडे वाकतो. त्यामुळे आपल्या डोक्यावर, उंचावर, गार हवा येते. खाली मात्र फाल्गुनाचे ऊन. जमीन तापलेली. त्यात समुद्राकडून ओलसर वारा येऊन मिळाला की झाले! तापलेली ओली हवा उसळून वर जाते. चुलीवरच्या भांड्यातली वाफ जाते ना, तशी. तिचे ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. चार किलोमीटरांच्या वर पाणी गोठते. थेंबाचा बर्फाचा खडा होतो. खालचा वारा त्याला पुन्हा वर फेकतो, त्याच्यावर पाणी चिकटून गोठते. असा खडा मोठा होत जातो. वाऱ्याला तोलेनासा झाला की खाली आदळतो. हीच गार. गार फोडून पाहिली तर कधी कधी आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. ते एकावर एक गोठत गेलेल्या पाण्याचे असतात.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात, विदर्भात आणि मध्य महाराष्ट्रात गारपीट झाली. एक दिवस नव्हे, पुन्हा पुन्हा झाली. गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे फुटले, आंब्याचा मोहोर झडला. माणसे आणि जनावरे दगावली. ज्यांनी ती पाहिली त्यांना जास्त सांगायला नको.

अशा वेळी हवामान खात्याचा अंदाज उपयोगी पडतो. हे खाते १८७५ साली सुरू झाले. लगेच १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. दख्खनेत माणसे अन्नाविना मेली. पाऊस येणार की नाही हे आधी कळेल काय, असा प्रश्न सरकारला पडला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड होते. त्यांच्या ध्यानात आले, की हिमालयावर बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा कमजोर निघतो. याचे कारण सोपे आहे. बर्फ ऊन परतवून लावतो. उरलेले ऊन बर्फ वितळवण्यात खर्च होते. जमीन उशिरा तापते आणि समुद्राचा वारा जोराने ओढला जात नाही. या आधारावर १८८६ साली पावसाळ्याचा पहिला सरकारी अंदाज निघाला. पुढे कळले, की एकट्या बर्फावर विसंबून भागत नाही. समुद्राचे तापमानही पाहावे लागते. पण सुरुवात झाली ती बर्फापासून. या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून १९२८ साली पुण्याला आले, तिथून १९४४ साली दिल्लीला गेले. पुण्यात शिवाजीनगरला त्या जागेला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात.

अंदाज एक प्रकारचा नसतो. फेब्रुवारी संपता संपता मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज निघतो. ऊन सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढेच तो सांगतो. गुरुवारी गारा पडतील काय, हे तो सांगत नाही. त्याच्याकडून ते मागूही नये. बी-बियाणे, पाण्याची पाळी, चाऱ्याची साठवण यांचा विचार त्यावरून करावा. उद्या-परवाचे काम ठरवायला चार-पाच दिवसांचा अंदाज असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात कोणत्या पिकाला काय करावे तेही असते.

पुष्कळ लोक आम्हाला म्हणतात, "गुरुजी, खात्यानं पाऊस सांगितला अन् थेंबबी आला नाही. मंग काहून ऐकावं?" प्रश्न रास्त आहे. पण अंदाजाची भाषा नीट वाचावी लागते. "हिंगोली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट" असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ काय? शंभर ठिकाणे धरली तर पंचवीसपर्यंत ठिकाणी ती होईल. म्हणजे सेनगावकडे गारा पडल्या आणि नरसीत ऊन राहिले, तरी अंदाज खराच ठरला. 'काही ठिकाणी' म्हटले तर पन्नासपर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हटले तर पंचाहत्तरपर्यंत. शब्द साधे दिसतात, पण प्रत्येकाचे माप ठरलेले आहे. शेर-पायलीसारखे.

रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

आता हळदीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात हळद नऊ महिने जमिनीत असते, आणि पैसा हाती यायच्या वेळी उघड्यावर पडते. शिजवलेली हळद वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात. नेमके हेच दिवस गारांचे. वाळत आलेली हळद भिजली तर रंग जातो, बुरशी धरते, आणि बाजारात भाव पडतो. नऊ महिन्यांची मेहनत एका रात्रीत पाण्यात जाते.

जमिनीतल्या हळदीला मात्र दोन दिवसांच्या पावसाने काही होत नाही. म्हणून पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल तर काढणी आणि शिजवणी चार दिवस पुढे ढकलावी. काढून ठेवलेली हळद फार दिवस राहत नाही, म्हणून आधी अंदाज पाहावा, मग मजूर सांगावेत. वाळत घालायची जागा उंच आणि उताराची धरावी. भोवती चर काढावा. संध्याकाळी हळद गोळा करून ढीग करावा, वर ताडपत्री घालावी, कडांना दगड ठेवावेत. सकाळी ऊन आले की ताडपत्री काढावी. दिवसा झाकून ठेवली तर आत घाम सुटतो. यात ताडपत्री कधी उगाच ओढली जाईल. दहा वेळांपैकी तीन वेळा पाऊस येणार नाही. तीन वेळा कंबर दुखेल, एवढेच. उरलेल्या सात वेळांपैकी एकदा जरी ओढली नाही, तरी काय जाईल त्याचा हिशेब घरच्या बाईला विचारा. तिला तो तोंडपाठ असतो.

गव्हाचेही असेच आहे. कापलेला गहू आणि उपटलेला हरभरा वावरात पसरून ठेवू नये. सुडी लावून झाकावा. पीक तयार असेल आणि इशारा दोन दिवसांनंतरचा असेल, तर काढणी उरकून घ्यावी.

आणि एक गोष्ट हळदीपेक्षा मोठी आहे. गारांचे ढग विजाही आणतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते मोबाइलवर सांगते. घरातल्या पोराकडून ते घालून घ्यावे. गडगडाट ऐकू आला की हळद झाकायला धावू नये. झाकायचे ते आधी झाकावे. मग पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये, जनावरेही झाडाखाली बांधू नयेत. मोटारीच्या पेटीला आणि तारेच्या कुंपणाला हात लावू नये. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्यावरच वावरात पाय ठेवावा.