साळगावची टोकदार कमान

हेमाडपंती देऊळ आपणां वऱ्हाडकरांच्या परिचयाचे आहे. दगडी खांबांवर दगडी तुळई ठेवून ते उभारतात. तुळई फार लांबली तर मोडते. म्हणून खांब दाट आणि आत अंधार. बाराव्या शतकात फ्रान्समधील गवंड्यांनी निराळी वाट काढली. कमानीला वर टोक दिले की तिचा बाजूंना बसणारा रेटा कमी होतो व भार अधिक सरळ खाली उतरतो. त्यामुळे भिंती उंच चढतात, खिडक्या मोठ्या होतात, प्रकाश आत येतो. हीच गॉथिक शैली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात तिचे पुनरुज्जीवन झाले.

गोव्यातील बार्देशात, साळगावी, १८७३ साली याच शैलीचे शुभ्र चर्च उभे राहिले. राज्य पोर्तुगीजांचे, वळण मात्र उत्तर युरोपचे! पण आतील देवमातेची मूर्ती जुनी आहे. १८३५ साली सरकारने गोव्यातील मठ बंद केले. जुन्या गोव्याजवळच्या अशाच एका ओस मठातून ती येथे आणली गेली. नव्या वास्तूने जुनी श्रद्धा सांभाळली. आपल्या भग्न देवळांतील उघड्यावर पडलेल्या मूर्तींना असे छप्पर कोण देणार?