कुपीवर ‘ह्यूमन’ लिहिलंय म्हणजे ते माणसातून काढलंय का?

बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतल्या छोट्या कुपीचा फोटो घरी दाखवला. लेबलवर लिहिलं होतं : ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन एफसीआरएन, फक्त संशोधनासाठी’. अम्मीने लगेच विचारलं, “बेटा, हे माणसातून काढतात की काय?” मुलीला पटकन सांगता आलं नाही, म्हणून प्रश्न आमच्यापर्यंत आला. प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर थेट आपल्या घरातल्या बाळंतिणीपर्यंत जातं.

आधी सरळ उत्तर. नाही, हे प्रथिन कुणाच्या रक्तातून किंवा मांसातून काढलेलं नसतं. माणसाच्या शरीरात ते बनवण्याची जी कृती जनुकात लिहिलेली असते, तिची नक्कल प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना देतात आणि त्या पेशी प्रथिन तयार करतात. ‘रिकॉम्बिनंट’चा अर्थ एवढाच. कृती माणसाची, स्वयंपाकघर दुसऱ्याचं! हे स्वयंपाकघर पुष्कळदा हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींचं असतं. कधी कधी मात्र मानवी पेशीही वापरतात. त्यांतला एचईके २९३ हा पेशींचा वंश १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून सुरू झाला आणि तेव्हापासून त्याच पेशी वाढवत आणल्या आहेत. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. यावर दीनी मसला सांगणं हे उलेमांचं काम, आमचं नाही. एवढं मात्र खरं की कुपीतलं हे प्रथिन औषध नाही, ते कुणाला टोचत नाहीत किंवा पाजतही नाहीत.

मग ते लागतं कशाला? शरीरात हा रिसेप्टर काय करतो, ते आधी पाहू. आजारांशी लढणारी आपली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, इंग्रजी वाय अक्षरासारखी असतात. दोन हात जंतूला धरतात. खालचं शेपूट हा रिसेप्टर धरतो. वारेच्या पेशींमध्ये तो आईच्या रक्तातली आयजीजी जातीची प्रतिपिंडं पकडतो आणि पलीकडे बाळाच्या रक्तात सोडतो, अगदी नदीपार नेणाऱ्या नावाड्यासारखा. वेल्समधले शास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांनी असा कुणीतरी वाहक असणार हा अंदाज १९५०-६० च्या दशकांतच मांडला होता. त्याचं जनुक १९८९ मध्ये उंदरात सापडलं आणि माणसातलं १९९४ मध्ये.

गंमत त्याच्या पकडीत आहे. आंबट, म्हणजे आम्लधर्मी, वातावरणात तो घट्ट धरतो आणि रक्ताच्या वातावरणात सोडून देतो. पेशीने गिळलेली प्रतिपिंडं तिच्या आतल्या आंबट पिशवीत जातात. तिथे त्यांचा नाशच व्हायचा, पण हा रिसेप्टर त्यांना धरतो आणि परत रक्तात आणून सोडतो. म्हणूनच आयजीजी साधारण तीन आठवडे टिकते. कुपीतलं प्रथिन वापरून संशोधक हीच पकड मोजतात : नवं प्रतिपिंड-औषध आंबट द्रावणात किती चिकटतं आणि साध्या द्रावणात सुटतं की नाही. सुटलंच नाही तर काय उपयोग? लहान बाळांना आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूपासून वाचवणारं निर्सेविमॅब हे औषध याच पकडीचा अभ्यास करून बदललं गेलं, त्यामुळे एकच इंजेक्शन काही महिने पुरतं. आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एफगार्टिजिमॉड उलटं काम करतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात आपल्याच स्नायूंवर उठलेली प्रतिपिंडं असतात. हे औषध नावाड्याची जागा अडवून धरतं, मग ती प्रतिपिंडं लवकर नष्ट होतात.

आता घरातली गोष्ट. नावाडी तेच पार नेणार, जे आईकडे आहे. गरोदरपणात टीडीचं इंजेक्शन देतात (पूर्वी त्याला टीटी म्हणत) ते आईपुरतं नसतं. त्याने आईच्या रक्तात धनुर्वाताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि वारेतून बाळाला मिळतात. नाळ अस्वच्छ पात्याने कापल्यामुळे होणाऱ्या धनुर्वाताने पूर्वी कितीतरी तान्ही बाळं जात. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्यात या इंजेक्शनाचा मोठा वाटा आहे. तरीही “आमच्या वेळी कुठे होती सुई?” असं म्हणणाऱ्या दादी-नानी आम्हाला आजही भेटतात. त्यांचा आदर राखूनच सुनेला दवाखान्यात न्यायचं. ही वाहतूक शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त होते, त्यामुळे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी कमी पडते. आईच्या दुधातही प्रतिपिंडं असतात, पण ती मुख्यतः आयजीए या दुसऱ्या जातीची. ती बाळाच्या आतड्याचं रक्षण करतात. म्हणून दूधही हवं आणि इंजेक्शनही.

ही शिदोरी काही महिन्यांत संपते. गोवरची लस नऊ महिन्यांनी का देतात, याचं उत्तरही इथेच आहे. त्याआधी आईची प्रतिपिंडं लसीतल्या दुबळ्या विषाणूलाच निकामी करू शकतात. पण नऊ महिने उलटून गेल्यावर मात्र उशीर नको. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीत, गोवरने मुलांचे जीव घेतले. साथ असलेल्या भागांत तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला गेला. ज्यांच्या बाळांना असा जादा डोस मिळाला असेल, त्यांनी लक्षात ठेवावं की तो मोजणीत धरत नाहीत. नऊ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांमधला, हे दोन्ही डोस त्यानंतरही द्यावेच लागतात.