गाडी सजवण्याआधी काट्यावर घाला

आपली बरीच तरुण मुले शेती सांभाळून मोटारपंप दुरुस्ती, नळकाम, वेल्डिंग असे जोडधंदे करतात. अशा कारागिराला छोटी गाडी म्हणजे फिरते दुकानच. हे दुकान मांडायचे कसे? त्यासाठी अमेरिकेतील एका गाडीचा हिशेब पाहू.

फोर्ड कंपनीने २०२१ साली तिकडे ‘मॅव्हरिक’ नावाची छोटी हायब्रीड पिकअप आणली. पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. ब्रेक दाबला की हीच मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. म्हणून घरोघरी थांबत जाणाऱ्या कारागिराला ती परवडते. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत पहिल्या मॉडेलला शहरात लिटरला सुमारे १८ किलोमीटर पडले, तर हमरस्त्यावर सुमारे १४.

हौदा अवघा साडेचार फुटांचा. पण कडेला खाचा आहेत. त्यांत लाकडी पट्ट्या अडकवल्या की सामानाचे कप्पे तयार. फाळका अर्धवट उघडला तर आठ बाय चारचे प्लायवूड चाकांवरच्या उंचवट्यांवर आडवे बसते.

आता खरी गोष्ट भाराची. या गाडीची क्षमता सुमारे ६८० किलो. वाटते भरपूर! पण त्यात माणसेही आली. दोन माणसे १५० किलो धरा. लोखंडी पेट्या आणि वरची शिडीची चौकट १०० किलो, हत्यारे १३०. उरले किती? फक्त ३००. म्हणजे जड लोखंडी पेटी रोज फुकट प्रवास करते आणि गिऱ्हाइकाचा माल मात्र खाली राहतो. शिवाय या पहिल्या हायब्रीडमध्ये ताकद पुढच्या चाकांना मिळते. सगळे वजन फाळक्याकडे लोटले तर पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंगचा भरवसा राहत नाही. जड सामान केबिनला चिकटूनच ठेवावे.

ही गाडी आपल्याकडे विकत मिळत नाही. पण हिशेब कुठल्याही छोट्या गाडीला लागू आहे. आर.सी. बुकात रिकाम्या गाडीचे आणि भारासह कमाल वजन लिहिलेले असते. त्यातला फरक म्हणजे तुमची क्षमता. ड्रायव्हरही त्यातच मोजायचा. पेट्या आणि हत्यारे बसवून झाली की गाडी एकदा वजनकाट्यावर घाला. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा असेल, तर आधी आर.टी.ओ.ला विचारा.

उसाच्या काट्यावर किलोकिलोसाठी आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. मग ज्या गाडीत आपला पोरगा रोज बसतो, तिचे वजन अंदाजाने कशाला धरायचे?