एक बर्थ, अनेक खिडक्या

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेच्या आसपास, मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. पुण्या-मुंबईकडची लग्नकार्ये म्हणजे पंजाब मेल, झेलम नाहीतर गोवा एक्सप्रेस. संगणकापूर्वी गाडीगाडीची रजिस्टरे वेगवेगळ्या खिडक्यांवर असत आणि परतीच्या आरक्षणासाठी पुढच्या स्टेशनाला तार जाई. रांगेत दिवस मोडे. पण प्रत्येक गाडीचे रजिस्टर एकच आणि लेखणी एकाच कारकुनाच्या हाती, म्हणून एक बर्थ सहसा दोघांना जात नसे.

1985-86 मध्ये सीएमसी या संगणक कंपनीने दिल्लीत ‘इम्प्रेस’ ही आरक्षण प्रणाली उभी केली, ती डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. म्हणजेच एक रजिस्टर आणि शेकडो लेखण्या!

हा पेच डिजिटलच्या अभियंत्यांनी मुळातून सोडवला होता. 1983 मध्ये त्यांनी व्हॅक्स-क्लस्टर जाहीर केला. त्यात अनेक यंत्रे त्याच डिस्क वापरत. पण जोडणीची खास केबल मध्यवर्ती जोडपेटीपासून 45 मीटरपर्यंतच जाई आणि ती मोठ्या यंत्रांसाठीच होती. छोट्या मायक्रोव्हॅक्सना ही सोय मिळाली 1986 मध्ये, सेकंदाला 10 मेगाबिटच्या साध्या इथरनेटवरून. स्वतःची डिस्क नसलेले यंत्रही सुरू होताना जाळ्यावर हाक देई, मुख्य यंत्र त्याला कार्यप्रणाली पाठवी आणि मग दूरची डिस्क त्याला घरचीच वाटे.

डिस्क वाटून घेणे हा त्यातला सोपा भाग. खरी करामत कुलपांची. नोंदीला हात लावण्याआधी प्रत्येक यंत्राने कुलूप मागायचे. त्याचे सहा प्रकार. ‘मी वाचतो, इतरांनीही वाचावे’ इथपासून ‘फक्त मीच’ इथपर्यंत. ही कुलपे कोणा एका यंत्राकडे नसत, सगळ्यांत विभागलेली असत. एक यंत्र पडले की उरलेली मिळून हिशेब पुन्हा मांडत.

आणि केबलच तुटली तर? दोन्ही बाजूंना वाटणार की समोरचा मेला. दोघेही त्याच डिस्कवर लिहू लागले तर सगळा विचका. म्हणून यंत्रांना मते दिलेली असत. एकूण मतांत 2 मिळवायचे, 2 ने भागायचे, अपूर्णांक सोडायचा. ही झाली गणसंख्या. तेवढी मते हाताशी नसतील तर यंत्राने थांबून राहायचे. दोन यंत्रांना एकेक मत दिले तर गणसंख्या 2 येते, म्हणजे एक पडताच दुसरेही थबकते. त्यावर तोड म्हणून तिसरे मत एखाद्या डिस्कलाच देत. चुकीचे लिहिण्यापेक्षा न लिहिणे बरे, हा निर्णय मला त्या साऱ्या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे रेल्वेच्या क्रिस या संगणक संस्थेच्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे 1999 पर्यंत जोडली. ग्वाल्हेरात बसून पुण्याहून परतीचे तिकीट काढणे शक्य झाले. डिजिटल कंपनी 1998 मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली, यंत्रे बदलली. पण आरक्षण व्हीएमएस या व्हॅक्सच्याच कार्यप्रणालीच्या घराण्यातल्या क्लस्टरवर चालत राहिले.

रजिस्टर आणि टर्मिनल दोन्ही हाताळलेले बहुतेक रेल्वे कर्मचारी आता निवृत्त झाले आहेत. तुमच्या घरात, वाड्यात असे कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी त्यांच्याकडून आजच लिहून घ्या.